एच.आय.व्ही.सोबत वाढणारी मुले आणि त्यांचे मन

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत म्हसावद येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाच्या चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "सर, समोर घरच्या बायका असतात, लहान मुले असतात. नाव जरा सौम्य ठेवू या का?" मी त्यांना म्हटले, नाव आहे तसेच राहू द्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला आज जे बोलायचे आहे ते त्या क्षणभराच्या गप्प बसण्याविषयीच आहे.

मी नव्वदच्या दशकात एका आरोग्य प्रकल्पात उमेदवारी सुरू केली, तेव्हा नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यातून वेगळा झाला. त्या काळी आम्ही गावोगावच्या भिंती रंगवत असू. एक कवटी, खाली दोन हाडे आणि लाल अक्षरांत 'एड्स म्हणजे मरण'. माझे अक्षर बरे, म्हणून ते काम माझ्याकडे येई. आपण मोठे समाजकार्य करतो आहोत असे तेव्हा वाटायचे. भारतात पहिले बाधित रक्तनमुने १९८६ साली मद्रासला सापडले, १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. सामान्य माणसाच्या आवाक्यात औषध नव्हते, म्हणून भीती हेच औषध असे सगळेच धरून चालले होते. त्या भिंतींवरून पुढे काही बाधित मुलेही शाळेला जातील, तीही वाचायला शिकतील, हा विचार आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही.

ही मुले कोण, हे आधी स्पष्ट करतो, कारण इथेच पुष्कळ गैरसमज आहेत. बाधित आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून हा विषाणू जाऊ शकतो. काहीच उपाय केला नाही तर शंभरातील १५ ते ४५ बाळांना तो लागतो. आईने वेळेवर औषध घेतले तर हे प्रमाण ५ च्या खाली येते. म्हणजे या मुलांनी काही केलेले नाही. (खरे तर मोठ्यांच्या बाबतीतही 'काय केले' हा प्रश्न दवाखान्याच्या दारात विचारण्यासारखा नाही, पण तो वेगळा विषय.) उपचाराविना अशी निम्मी बाळे दुसऱ्या वाढदिवसाआधीच दगावतात. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत ए.आर.टी. औषधे मिळू लागली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ३० नोव्हेंबर २००६ पासून मुलांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला. २०१७ पासून तर तपासणीत आढळल्याबरोबर औषध सुरू करण्याचे धोरण आले. त्यामुळे जी मुले पूर्वी पाळण्यातच जात, ती आज दहावी-बारावीला बसतात. गोळी रोज घेतली तर रक्तातील विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. अशा माणसाकडून त्याच्या जोडीदारालाही लागण होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम हळू बोललो. पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही ते माहीत नसते.

मग अडचण कोठे आहे?

एका मुलाची हकीकत सांगतो. दवाखाना कोणता, साल कोणते हे सांगणार नाही. काही खुणाही बदलल्या आहेत. मुलगा चौदा वर्षांचा, आईवडील दोघेही लहानपणीच गेलेले, आजी सांभाळते. मी तेव्हा समुपदेशक होतो. आजी दर महिन्याला रिकामा डबा घेऊन यायची, मी गोळ्या मोजायचो, हिशेब बरोबर. मुलगा सोबत असला की मी विचारायचो, "गोळ्या घेतोस ना रे वेळेवर?" तो मान हलवायचा. आणि तरीही व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढत चालले. गोळ्यांचा हिशेब बरोबर आणि रक्ताचा हिशेब चूक. औषधाला विषाणू जुमानत नाही असे समजून पुढच्या टप्प्याची औषधे सुरू करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या.

एके दिवशी आजीला ताप आला म्हणून तो एकटाच आला. पाऊस होता, गर्दी नव्हती. माझ्याजवळ चहा होता, तो अर्धा-अर्धा केला. तेवढ्याने तो बोलायला लागला. गोळी तो घेतच नव्हता, घराच्या कुडात खोचून ठेवत होता. त्याला लहानपणापासून सांगितले होते की तुला सिकलसेल आहे. आपल्या भागात सिकलसेल घरोघरी ऐकलेला आजार, म्हणून आजीने तो निवडला. शेजारणींनाही तेच सांगितले होते. पण पोराने सहावीत असतानाच दारावरच्या पाटीवरची अक्षरे जुळवली होती. दोन वर्षे तो ते एकटाच जाणून होता. आजीला वाटे, त्याला माहीत नाही. त्याला वाटे, आपल्याला कळले हे आजीला कळता कामा नये, ती खचेल. दोघे एका चुलीपाशी जेवत होते आणि एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

मी विचारले, गोळी का टाकतोस? तो म्हणाला, "मरायचंच आहे तर कशाला? सगळीकडे तेच लिहिलेलं असतं."

ते लिहिणाऱ्यांत मीही होतो, हे मी त्याला सांगू शकलो नाही. आज इथे सांगतो आहे. आणि दुसरी चूक याहून मोठी. तीन वर्षे मी त्या मुलाला एकच प्रश्न विचारत होतो, गोळ्या घेतोस ना. तुला कसं वाटतं, झोप लागते का, शाळेत कुणी मित्र आहे का, असे मी एकदाही विचारले नव्हते. माझ्या रजिस्टरमध्ये तसा रकानाच नव्हता, ही सबब मी कितीतरी दिवस स्वतःला देत होतो.

मित्रहो, दहा ते एकोणीस हे वय कुणालाच सोपे नसते. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे की माणसाच्या आयुष्यातील निम्मे मानसिक विकार चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. त्यात हा आजार असला की काय काय येऊन पडते ते पाहा. अनेकांनी आई किंवा वडील, कधी दोघेही गमावलेले. आजाराने उंची खुंटते, वयात येणे लांबते, म्हणून नववीतला मुलगा सहावीतला दिसतो आणि वर्गात त्याला 'बुटक्या' म्हणतात. वसतिगृहात वीस जणांच्या खोलीत रात्री गोळी काढून खायची म्हणजे वीस जणांना उत्तर द्यायचे. पूर्वी जी गोळी रात्री दिली जाई तिच्यातील इफाविरेन्झ या औषधाने काहींना भयंकर स्वप्ने पडत, चक्कर येई, मन उदास होई. मुले सांगत नसत आणि आम्ही विचारत नसू. २०२० नंतर आपल्याकडे डोल्युटेग्रॅव्हिर असलेल्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर आल्या आणि तो त्रास पुष्कळ कमी झाला. पण गोळी बदलल्याने आईची आठवण काही बदलत नाही.

आणि या वयात प्रेम नावाचा प्रकारही सुरू होतो. मुलींच्या बाबतीत तर विचारूच नका. सतरा वर्षांच्या एका मुलीने मला विचारले होते, "सर, माझं लग्न होईल का, हे मी कुणाला विचारू?" होईल की नाही, हा तिचा प्रश्न नव्हता. कुणाला विचारू, हा होता.

मुलाला त्याचा आजार सांगायचा कसा, याविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण घरोघरच्या आजी-मावश्या इथे बसल्या आहेत. 'लहान आहे, कशाला सांगायचं, मोठा झाला की बघू' असे आपण म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. शाळकरी वयात, म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्या आजाराची माहिती द्यावी असे त्यात आहे. एका बैठकीत सगळे सांगून मोकळे व्हायचे नसते. सहा-सात वर्षांच्या पोराला एवढेच सांगायचे की आपल्या रक्तात राखणदार असतात, एक जंतू त्यांना त्रास देतो, गोळी घेतली की तो झोपतो, चुकली की जागा होतो. यात एक अक्षरही खोटे नाही. दहा-बाराव्या वर्षी त्या जंतूला नाव द्यायचे. तो आईकडून आला, आईलाही तो ठाऊक नव्हता, तिने जाणूनबुजून दिला नाही, हे त्यानंतर. लग्न, मूलबाळ, शरीरसंबंध हे त्याच्याही पुढे. सांगावे घरच्याच माणसाने, समुपदेशक शेजारी बसलेला असावा. मूल रडेल, रागावेल. मेलेल्या बापावर रागावणे तर फार अवघड असते, कारण फोटोला हार घातलेला असतो आणि त्याच्यासमोर ओरडता येत नाही. त्या रागाला जागा द्यावी लागते.

सिकलसेल, टी.बी., 'रक्त कमी आहे', 'शक्तीची गोळी आहे' अशी जी नावे आपण देतो ती मुलाला दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत पुरतात. मग एक दिवस ते पाटी वाचते किंवा विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा येतो. त्या दिवशी त्याला दोन गोष्टी एकदम कळतात. आपल्याला हा आजार आहे, आणि आपली माणसे आपल्याशी खोटे बोलली. मी जी मुले पाहिली त्यांना दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त लागली होती.

महाराष्ट्रात या मुलांसाठी काही माणसांनी आयुष्य दिले आहे. पुण्याजवळ विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली 'मानव्य' सुरू केले. पंढरपूरला मंगलताई शहा यांना २००१ साली गोठ्यात टाकून दिलेल्या दोन लहान मुलींविषयी कळले. आईबाप एड्सने गेलेले, मुली बाधित. त्या दोघींपासून 'पालवी' उभी राहिली. बीडजवळ पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे यांचे 'इन्फंट इंडिया' आहे. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ साली 'सेवालय' काढले. तेथील मुले गावातील शाळेत जाऊ लागली तेव्हा २००९ साली पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणेच थांबवले. प्रशासनाला मध्ये पडावे लागले, समजुती घालाव्या लागल्या. पुढे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनी जायचे कुठे हा प्रश्न आला, तेव्हा बापटले यांनी 'हॅपी इंडियन व्हिलेज' उभे केले. त्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून पाहा, म्हणजे त्यांची जिद्द कळेल. तेथे अशा मुलामुलींची लग्नेही लागली आहेत.

आपण हासेगावच्या लोकांना नावे ठेवू नयेत असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला १९९७ साली हेच झाले होते. न्कोसी जॉन्सन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला शाळेत घेण्यावरून वाद पेटला होता. तोच मुलगा अकराव्या वर्षी, २००० च्या जुलैमध्ये, डर्बनच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत हजारो लोकांसमोर उभा राहून बोलला. १ जून २००१ रोजी तो गेला, बारा वर्षांचा होऊन. आणि आपल्याविषयी म्हणाल, तर ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांना शाळेत वेगळे बसावे लागले आणि वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यावे लागले, त्या समाजाला वेगळा पेला म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. पण मी आपल्याच वस्तीतल्या एका घरात, पडवीत, वेगळा पेला ठेवलेला पाहिला आहे. तो एका सुनेचा होता. एकत्र जेवल्याने, एका पेल्याने, एका अंथरुणाने हा आजार लागत नाही. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, हे मी सांगितले नाही तर ते अर्धे सांगितल्यासारखे होईल.

या संस्थांत मी जे पाहिले त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तेथे संध्याकाळी आठ वाजले की सगळीच मुले गोळी घेतात. कुणी कुणापासून लपवत नाही. मोठा मुलगा लहानाला दटावतो, 'ए, गोळी राहिली तुझी.' गावात आजीजवळ राहणाऱ्या एकट्या मुलाला हे मिळत नाही. आणि बहुसंख्य मुले अशीच, घरी, नातेवाइकांकडे राहतात. ती तेथेच राहावीत हेच बरे. मग त्या एकट्या मुलाला दुसरे मूल कुठून आणून द्यायचे?

याचे एक उत्तर आफ्रिकेने शोधले आहे, म्हणून थोडा वेळ तुम्हाला तिकडे नेतो. २०१४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे किशोरवयीनांच्या मृत्यूच्या कारणांत एच.आय.व्ही. जगात दुसऱ्या क्रमांकावर होते, आणि त्यातला फार मोठा वाटा आफ्रिकेचा. झिंबाब्वे हा तिकडचा देश. क्रिकेट पाहणाऱ्या पोरांना हरारे हे शहर ठाऊक असेल. तेथे २००४ साली निकोला विलिस या परिचारिकेच्या पुढाकाराने बाधित मुलांचा एक छोटा गट जमू लागला. त्याचे नाव 'झ्वांदिरी'. तिकडच्या शोना भाषेत त्याचा अर्थ 'मी आहे तसा'. पुढे त्यातून अशी पद्धत निघाली की अठरा ते चोवीस वर्षांचे बाधित तरुण, जे स्वतः या सगळ्यातून गेले आहेत, त्यांना प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांनी आपल्यापेक्षा लहान मुलांच्या घरी जायचे, फोन करायचा, दवाखान्यात सोबत बसायचे. लहान मूल या दादा-ताईकडे पाहते तेव्हा त्याला कळते की हा जिवंत आहे, कामाला जातो, हिचे लग्न झाले आहे. हजार पत्रके वाटून जे होत नाही ते एवढ्याने होते. त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यासही झाला, २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्या दवाखान्यांत हे तरुण काम करत होते तेथे औषधोपचार फसणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण इतर दवाखान्यांपेक्षा कमी आढळले.

त्याच देशातली दुसरी गोष्ट म्हणजे बाक. डॉ. डिक्सन चिबांडा हे हरारेचे मानसोपचारतज्ज्ञ. त्या वेळी साऱ्या देशात असे तज्ज्ञ जेमतेम डझनभर. त्यांच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली. दवाखान्यापर्यंत यायला बसचे भाडे नव्हते, एवढ्यासाठी ती येऊ शकली नव्हती. चिबांडांना ते लागले. २००६ साली म्बारे या गरीब वस्तीत त्यांनी काम सुरू केले तेव्हा त्यांना डॉक्टर मिळाला नाही, परिचारिका मिळाली नाही, दवाखान्यात खोलीही मिळाली नाही. मिळाल्या त्या चौदा आज्या. मग दवाखान्याबाहेर झाडाखाली लाकडी बाक टाकला आणि त्या आज्यांना दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे प्रशिक्षण दिले. चिबांडांनी आधी त्याला मानसिक आरोग्याचा बाक असे काहीतरी नाव दिले होते. आज्या म्हणाल्या, असल्या नावाच्या बाकावर कोण बसेल? मैत्रीचा बाक म्हणा. डॉक्टरांनी ऐकले, हे त्यांचे मोठेपण. आज्या 'नैराश्य' हा शब्दही वापरत नाहीत. तिकडे एक शब्द आहे, कुफुंगिसिसा, म्हणजे फार विचार करणे. आपण घोर लागणे म्हणतो तसे. आजी आधी सगळे ऐकते, मग अनेक अडचणींतली एकच निवडायला सांगते, आणि त्या एकीवर या आठवड्यात काय करता येईल ते दोघे मिळून ठरवतात. पुढच्या वेळी, केले का, काय झाले. बस. २०१६ साली याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५७३ रुग्ण, २४ दवाखाने. सहा महिन्यांनी पाहिले तर नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत जवळजवळ निम्म्यांना नैराश्याची लक्षणे होती, बाकावर बसलेल्यांत सुमारे चौदा टक्क्यांना.

पुढे या दोन कल्पना एकत्र आणल्या. 'झ्वांदिरी'च्या त्या तरुणांनाच आज्यांची रीत शिकवली, आणि मनाने खचलेल्या १० ते १९ वर्षांच्या बाधित मुलांसाठी ती वापरून पाहिली. २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले. मुलांच्या मनावरचा ताण दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाला. रक्तातल्या विषाणूंच्या बाबतीत मात्र नेहमीची मदत मिळणाऱ्यांत आणि यांच्यात फरक दिसला नाही. हे मी लपवत नाही. काही जण यावरून म्हणतील, मग काय उपयोग? माझे म्हणणे असे की मूल सुखाने झोपू लागले हाही उपयोगच आहे. त्यासाठी रक्ताच्या अहवालाची परवानगी कशाला लागावी?

आता म्हसावदकडे येऊ. आपण काय करू शकतो?

मोठा प्रकल्प काढू नका. 'एच.आय.व्ही. बाधित मुलांसाठी' अशी पाटी तर मुळीच लावू नका. ज्या बाकावर पाटी लागली त्या बाकावर कुणी बसणार नाही, हे आफ्रिकेतल्या आज्यांनी आपल्याला शिकवले आहे. गावात अशी किती मुले आहेत, कुणाच्या घरी आहेत, हे शोधायलाही जाऊ नका. एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे कुणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. शाळेला मुलाला नाकारता येत नाही, आणि प्रवेशासाठी हा आजार सांगण्याची सक्तीही करता येत नाही. याच कायद्यात एक तरतूद अशी की आईबाप नसतील किंवा असमर्थ असतील, तर बारा वर्षांवरचे समजूतदार भावंड धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी, उपचारासाठी पालक म्हणून उभे राहू शकते. वाचून बरे वाटते आणि वाईटही वाटते. बाराव्या वर्षी पालक व्हावे लागते अशी घरे आहेत, हे कायद्याने मान्य केले, असा त्याचा अर्थ.

माझी सूचना एवढीच आहे. विहाराच्या मागे लिंबाखाली ओटा आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे दोन समंजस माणसे बसावीत, एक बाई आणि एक पुरुष. सगळ्याच मुलांसाठी. कुणी दहावीला नापास झाले असेल, कुणाचा बाप पिऊन मारत असेल, कुणाचे प्रेम फिसकटले असेल. त्यातच ते एक मूल येऊन बसेल आणि कुणाला वेगळे दिसणार नाही. बसणाऱ्यांनी शिकून घ्यावे लागेल. हे फार अवघड नाही. नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत पुण्याच्या डॉ. सौमित्र पठारे यांच्या संस्थेने 'आत्मीयता' नावाचा उपक्रम राबवला तो गावातल्याच साध्या स्त्री-पुरुषांच्या जोरावर. ऐकायचे कसे, मध्ये तोंड कसे घालायचे नाही, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा पुढे कुठे पाठवायचे, एवढे त्यांना शिकवले होते. आपल्याकडच्या निवृत्त शिक्षिका आणि आशाताई हे उत्तम करतील. उपदेश करण्याची खोड असलेल्या माणसाला मात्र तेथे बसवू नका. मग तो कितीही मोठा कार्यकर्ता असो.

पुढे पाठवायचे म्हणजे कुठे? सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी जी केंद्रे आहेत त्यांना महाराष्ट्रात 'मैत्री' असेच नाव आहे. आपल्याला तर तो शब्द परका नाही. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. एच.आय.व्ही.विषयी १०९७. विद्यार्थ्यांनी हे दोन्ही लिहून घ्या. आणि कुणी मित्र 'आता नको वाटतं जगणं' असे म्हणाला, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, मरावंसं वाटतं का, कसं करायचं ठरवलंय का. विचारल्याने तसे मनात येते ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने तो बोलतो. मग त्याला एकटा सोडू नका आणि मोठ्या माणसाला सांगा. हे गुपित ठेवायचे नसते.

आपल्या तालुक्याची एक अडचण वेगळी आहे. दिवाळी झाली की सातपुड्यातली घरेच्या घरे ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. गोळ्या जास्तीच्या नेता येतात, तशी मागणी केंद्रावर आधीच करावी. पण बोलायला माणूस नेता येत नाही. तेथे फोन हाच उपाय. महिन्यातून दोन फोन, 'काय रे, कसा आहेस', गोळीचे नाव सुद्धा न काढता. अशा काही मुलांना मी अजून फोन करतो. त्यांतला एक आता स्वतः ट्रॅक्टर चालवतो आणि मलाच विचारतो, "सर, तुम्ही बी.पी.ची गोळी घेतली का?"

विहारात बोलतो आहे म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. आनापान करा, मन शांत होते, मी स्वतः करतो. पण ध्यानाने किंवा कुठल्या जडीबुटीने हा आजार बरा होतो, गोळी बंद करा, असे कुणी सांगितले तर त्याला दारातून परत पाठवा. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा केल्याची कथा तुम्ही ऐकली आहे. सोबतच्या भिक्खूंनी त्याला घाणीत पडू दिले होते आणि तथागतांनी आनंदाला पाणी आणायला पाठवून त्याच्यासोबत त्या भिक्खूला स्वतः धुतले. प्रवचन त्यानंतर दिले.

ज्या मुलाची हकीकत मी सांगितली त्याचे पुढे काय झाले, असे तुमच्या मनात आले असेल. तो आणि आजी माझ्यासमोर बसून दोन तास रडले. त्यानंतरही सहा महिने तो अधूनमधून गोळ्या चुकवत होता. एका बोलण्याने कुणी सुधारत नाही. मग औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शिकणारा एक बाधित मुलगा सुट्टीत आला होता, त्याची आणि याची गाठ घालून दिली. ते दोघे काय बोलले मला माहीत नाही, मी बाहेर उभा होतो. आत हसण्याचा आवाज आला तेवढा ऐकला. आजी मागच्या वर्षी वारली. खांदा त्याने दिला.

माझे बोलणे संपले. चिटणीसांना मी विनंती केली होती, त्याप्रमाणे त्यांनी दाराजवळ एक डबा आणि कागदाचे तुकडे ठेवले आहेत. इथे हात वर करून कुणी प्रश्न विचारणार नाही, हे मला ठाऊक आहे. चिठ्ठीवर लिहा, नाव लिहू नका. पेन्सिलने लिहिले तरी चालेल. मी रात्रीच्या बसपर्यंत आहे, आणि उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरे फळ्यावर लावण्याचे चिटणीसांनी कबूल केले आहे.